सर्दी-तापाची 'मेडिकलवरची गोळी' : आत काय असतं, कोणाला चालते आणि कुठे थांबायचं

केंदूर (ता. शिरूर) : थंडी पडली, कांद्याच्या लागणी सुरू झाल्या की घराघरात नाक गळणं, घसा खवखवणं, अंग मोडून येणं सुरू होतं. डॉक्टरकडे जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो, रोज बुडतो. मग मेडिकलवर जाऊन 'सर्दीची एक गोळी द्या' म्हणायचं आणि चहाबरोबर घेऊन कामाला लागायचं, हा केंदूर, पाबळ, कान्हूर मेसाईपासून दौंडच्या केडगाव-यवतपर्यंतचा सर्रास रिवाज आहे. गोळीने बरंही वाटतं. पण ही एक गोळी म्हणजे एक औषध नसतं. एकाच गोळीत तीन-चार औषधं एकत्र केलेली असतात. त्यातलं कोणतं कशासाठी आहे आणि कोणाला बाधतं हे माहीत नसेल तर साधी सर्दी महागात पडू शकते. लहान मुलांच्या बाबतीत तर ही बाब जिवाची आहे.

एका गोळीत काय काय असतं?

सिनारेस्ट, डी-कोल्ड टोटल, विक्स ॲक्शन 500 ही नावं गावात सगळ्यांना तोंडपाठ आहेत. याशिवाय डझनभर कंपन्यांच्या अशाच गोळ्या मिळतात. नावं वेगळी असली तरी आत साधारण हीच औषधं फिरून फिरून असतात :

पॅरासिटामॉल – ताप उतरवणं, डोकेदुखी आणि अंगदुखी कमी करणं हे याचं काम. सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत हे असतंच. मोठ्या माणसांच्या गोळीत बहुधा 500 मिलिग्रॅम.

क्लोरफेनिरामिन (किंवा सेट्रिझिन, लेव्होसेट्रिझिन) – शिंका आणि नाकातून वाहणारं पाणी कमी करतं. पण झोप आणतं, तोंड कोरडं पाडतं. यात क्लोरफेनिरामिनची गुंगी जास्त.

फेनिलेफ्रिन – चोंदलेलं नाक मोकळं करण्यासाठी घातलेलं औषध. रक्तवाहिन्या आवळून सूज कमी करणं हा त्याचा हेतू. पण रक्तवाहिन्या आवळल्या की रक्तदाब वाढू शकतो.

कॅफीन – चहा-कॉफीत असतं तेच. तरतरी येते, डोकेदुखीच्या औषधाला थोडा हातभार लागतो. काहींना छातीत धडधड होते, रात्री झोप लागत नाही.

डेक्स्ट्रोमेथॉर्फन – कोरडा खोकला दाबण्यासाठी. हे जास्त करून खोकल्याच्या पातळ औषधात असतं.

ॲम्ब्रॉक्सॉल, ब्रोमहेक्सिन, ग्वायफेनेसिन – कफ पातळ करून बाहेर काढण्यासाठी. खोकला दाबणारं औषध आणि कफ काढणारं औषध एकदम घेणं म्हणजे एका बाजूने पाटाचं पाणी सोडायचं आणि दुसऱ्या बाजूने दारं बांधायचं. छातीत कफ असताना खोकला दाबू नये.

गोळीने सर्दी बरी होते का?

नाही. सर्दी आणि फ्लू हे विषाणूंमुळे होतात. वर दिलेल्या औषधांपैकी एकही विषाणू मारत नाही. ही औषधं फक्त त्रास कमी करतात. साधी सर्दी आठ-दहा दिवसांत आपली आपण जाते, खोकला कधी दोन-तीन आठवडे रेंगाळतो. जगभरातल्या चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला असता असं दिसलं की मोठ्या माणसांना आणि मोठ्या मुलांना मिश्र गोळ्यांनी थोडाफार आराम पडतो. लहान मुलांना फायदा होतो असा पुरावा मात्र मिळाला नाही.

नाक मोकळं करणाऱ्या फेनिलेफ्रिनबद्दल तर आता मोठाच प्रश्न उभा आहे. सप्टेंबर 2023 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने 16 विरुद्ध 0 असा कौल दिला की हे औषध तोंडावाटे घेतल्यावर चोंदलेल्या नाकावर उपयोग होत नाही. पोटातून जाताना त्याचा बराच भाग निकामी होतो. नोव्हेंबर 2024 मध्ये तिथल्या प्रशासनाने ते चिठ्ठीविना मिळणाऱ्या औषधांतून काढण्याचा प्रस्ताव मांडला. आपल्याकडच्या गोळ्यांत ते अजून आहे. म्हणजे 'गोळी घेतली आणि बरं वाटलं' यात मोठा वाटा पॅरासिटामॉलचा असतो. ती साधी गोळी बरीच स्वस्तही पडते.

अँटिबायोटिकचंही तसंच. साध्या सर्दीवर त्याचा उपयोग नाही. मेडिकलवरून दोन अँटिबायोटिक गोळ्या घेऊन दोन दिवसांत बंद करणं हे तर सर्वांत वाईट.

सर्वांत मोठा धोका : एकच औषध दोनदा

आजारी पडल्यावर माणूस सर्दीची गोळी घेतो. ताप उतरला नाही म्हणून डोलो, क्रोसिन किंवा कॅलपॉल घेतो. अंग दुखतं म्हणून कॉम्बिफ्लामही घेतो. त्याला वाटतं तीन दुखण्यांची तीन औषधं घेतली. प्रत्यक्षात तिन्हींत पॅरासिटामॉल आहे.

साधा हिशोब करून पाहू. धडधाकट मोठ्या माणसाला 24 तासांत पॅरासिटामॉल जास्तीत जास्त 4 ग्रॅम, म्हणजे 4000 मिलिग्रॅम. समजा एकाने 500 ची मिश्र गोळी दिवसात तीनदा घेतली : 1500. वर 650 ची तापाची गोळी चारदा घेतली : 2600. एकूण 4100. म्हणजे मर्यादा ओलांडली. दोन्ही पाकिटांवर लिहिलेला डोस पाळूनच ओलांडली. वजन कमी असलेल्यांना, नीट न जेवलेल्यांना, रोज दारू घेणाऱ्यांना आणि लिव्हरचा आजार असणाऱ्यांना तर 4 ग्रॅमही जास्त होतात. त्यांनी मर्यादा डॉक्टरला विचारूनच ठरवावी.

जास्त झालेलं पॅरासिटामॉल लिव्हरवर जातं. यातली फसवी गोष्ट अशी की पहिल्या दिवशी नुसती मळमळ, उलटी, थकवा एवढंच दिसतं, कधी काहीच दिसत नाही. खरं नुकसान दोन ते चार दिवसांनी कळतं. यावर उतारा आहे, तो दवाखान्यात मिळतो आणि पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वांत चांगला लागू पडतो. म्हणून जास्त गोळ्या गेल्याचं लक्षात आलं की 'बघू सकाळी' म्हणू नये. रिकामी पाकिटं बरोबर घेऊन सरळ दवाखाना गाठावा.

नियम सोपा आहे : मिश्र गोळी चालू असेल तर तापाची वेगळी गोळी नको. तापाची गोळी चालू असेल तर मिश्र गोळी नको. दोन डोसांत किमान चार ते सहा तास अंतर हवं.

कोणी ही गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये?

– बीपीचे आणि हृदयाचे पेशंट : फेनिलेफ्रिनने दाब वाढू शकतो. थायरॉईड वाढलेल्यांनीही जपावं.

– लघवीला अडखळणारे वयस्कर पुरुष : प्रोस्टेटची गाठ वाढलेली असेल तर क्लोरफेनिरामिनने लघवी तुंबू शकते. सर्दीची गोळी घेतली आणि रात्री लघवी अडकली, असा प्रकार म्हाताऱ्या माणसांत होतो, पण दोन्हींचा संबंध घरच्यांच्या लक्षात येत नाही.

– काचबिंदू असणारे : डोळ्यातला दाब वाढू शकतो.

– शुगरचे पेशंट : खोकल्याच्या बऱ्याच पातळ औषधांत साखर असते. बिनसाखरेचं मागावं.

– गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया : मिश्र गोळी नकोच. आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारून एकच साधं औषध घ्यावं.

– मानसिक आजाराच्या, फिटच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असणारे : गुंगी दुप्पट होते, काही औषधांशी तर धोकादायक गाठ पडते.

– दारू घेणारे : गुंगीही वाढते आणि लिव्हरवरचा भारही.

गोळी घेऊन गाडी, मोटर, कोयता नको

रांजणगाव, सणसवाडीला कंपनीत पाळीला जाणारे, टेम्पो-ट्रॅक्टर चालवणारे, रात्रीची लाईट आली की पाणी धरायला जाणारे यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. क्लोरफेनिरामिन असलेली गोळी घेतल्यावर डोळा लागला नाही तरी माणूस मंदावतो. ब्रेक दाबायला उशीर होतो, मशीनमध्ये हात जातो. रात्री विहिरीच्या काठावर, बिबट्याच्या भागात अशी गुंगी अंगावर घेऊन जाणं शहाणपणाचं नाही. अशी गोळी घ्यायचीच तर रात्री झोपताना घ्यावी. दिवसा काम असेल तर साधं पॅरासिटामॉल बरं, त्याने झोप येत नाही.

लहान मुलं : इथे चुकायला जागा नाही

गेल्या काही वर्षांत सर्वांत दुःखद घटना मुलांच्याच बाबतीत घडल्या. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात 2025 च्या ऑगस्ट अखेरपासून सर्दी-तापासाठी औषध दिलेली लहान मुलं लघवी बंद होऊन आजारी पडू लागली. त्यांचे मूत्रपिंड निकामी झाले होते. छिंदवाडा नागपूरला लागून, त्यामुळे बरीच मुलं नागपूरच्या दवाखान्यांत आणली गेली. वीसहून अधिक मुलं दगावली. त्यांना दिलेलं कोल्ड्रिफ हे सिरप पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन यांचं मिश्रणच होतं. तमिळनाडूच्या कांचीपुरम जिल्ह्यातल्या श्रीसन कंपनीच्या या सिरपच्या एसआर-13 या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन 48.6 टक्के निघालं. औषधात ते 0.1 टक्क्याच्या वर असता कामा नये. ऑक्टोबर 2025 मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही ही बॅच कुठे असेल तर वापर ताबडतोब थांबवा, असा इशारा दिला.

हेच विष महाराष्ट्राने पूर्वीही पाहिलं आहे. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीचं ग्लिसरीन दिल्याने 14 रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली होती. पातळ औषध गोड आणि घट्ट करण्यासाठी जे द्रव वापरतात त्यात स्वस्तातलं औद्योगिक रसायन मिसळलं गेलं की असे बळी जातात. चवीवरून, रंगावरून ते ओळखू येत नाही.

भेसळ नसलेलं सिरपसुद्धा लहान मुलांना द्यावं का? सरकारचं म्हणणं स्पष्ट आहे :

– क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण 4 वर्षांखालील मुलांना देऊ नये. देशाच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये कंपन्यांना तसा इशारा लेबलवर छापायला सांगितलं.

– ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितलं की 2 वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत आणि 5 वर्षांखाली ती सहसा देऊ नयेत. त्यापुढेही डॉक्टरने तपासूनच, कमीत कमी दिवस.

– निमेसुलाइड हे तापाचं औषध 12 वर्षांखाली 2011 पासून बंद आहे. ॲस्पिरिनही मुलांना देऊ नये.

मुलाला ताप असेल तर फक्त पॅरासिटामॉल, तेही वजनावर. एका वेळी दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम. म्हणजे 12 किलोच्या मुलाला 120 ते 180 मिलिग्रॅम. इथे घोळ असा होतो की बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या असतात. एकीत 5 मिलीत 125 मिलिग्रॅम, दुसरीत 5 मिलीत 250, आणि तान्ह्या बाळांच्या थेंबांच्या बाटलीत 1 मिलीतच 100. थेंबांचं औषध चमच्याने पाजलं तर चार-पाच पट डोस जातो. म्हणून किती मिली द्यायचं ते डॉक्टरकडून लिहून घ्यावं, घरच्या चमच्याने न मोजता बाटलीच्या मापानेच द्यावं. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर घरी कसलंच औषध न देता दवाखान्यात न्यावं.

ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची लेकरं थंडीत कोपीत झोपतात, सर्दी-खोकल्याने सारखी आजारी असतात. त्यांच्या आया दुकानातून मिळेल ती बाटली आणतात. शेजारच्या शेतकऱ्याने त्यांना एवढं सांगितलं तरी मोठं काम होईल.

सर्दी वाटते, पण सर्दी नसते

फवारणीनंतर : कीटकनाशक फवारून आल्यावर नाक-तोंड गळू लागलं, घाम सुटला, डोकं दुखलं, पोटात कळ आली, मळमळलं, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, अंगाचे स्नायू फडफडले तर ती सर्दी नाही, विषबाधा असू शकते. सर्दीची गोळी घेऊन झोपू नये. कपडे बदलून अंग साबणाने धुवावं आणि औषधाची बाटली घेऊन लगेच दवाखान्यात जावं.

डेंग्यू : जोराचा ताप, डोळ्यांच्या मागे दुखणं, सांधे मोडणं, पण नाक फारसं वाहत नाही, अशा वेळी डेंग्यूची शंका घ्यावी. तोपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन टाळावं. त्याने रक्तस्राव वाढू शकतो. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन असतं.

फ्लू : सर्दी हळूहळू चढते, फ्लू एकदम आडवं पाडतो. 2009 मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यातच गेला होता. गरोदर बाया, वयस्कर, दम्याचे आणि शुगरचे पेशंट यांनी पहिल्या 48 तासांत डॉक्टर गाठला तर फ्लूवरच्या खास गोळ्यांचा उपयोग जास्त होतो. मिश्र गोळ्या घेत चार दिवस काढले तर ती वेळ निघून जाते.

मेडिकलवर गोळी घेताना

आपल्या कायद्यात 'चिठ्ठीविना मिळणारी औषधं' अशी वेगळी यादी नाही. ज्या पाकिटावर लाल रेघ आणि आरएक्स अशी खूण असते ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. किराणा दुकानाचंही समजून घ्यावं. पॅरासिटामॉल, बाम यांसारखी ठराविक घरगुती औषधं परवान्याशिवाय विकायची सवलत फक्त हजारापेक्षा जास्त वस्ती नसलेल्या गावांसाठी आहे. केंदूरसारखी मोठी गावं त्यात बसत नाहीत.

– सुटी, कापलेली पट्टी घेऊ नये. कापलेल्या तुकड्यावर तारीख आणि आतली औषधं यांची नावं राहत नाहीत. घ्यावीच लागली तर नावं दिसतील असा तुकडा मागावा.

– नाव न बघता आतली औषधं बघावीत. 2011 मध्ये फेनिलप्रोपॅनोलामिन या औषधावर सरकारने बंदी घातली, कारण त्याने मेंदूत रक्तस्रावाचा धोका होता. तेव्हा काही कंपन्यांनी पाकिटावरचं नाव तेच ठेवून आतलं औषध बदललं. त्यामुळे 'जुनीच गोळी' आतून वेगळी असू शकते.

– लेबल इंग्रजीत असतं. वाचता येत नसेल तर फार्मासिस्टला सरळ विचारावं : 'यात पॅरासिटामॉल किती? झोपेचं औषध आहे का? बीपीवाल्याला चालेल का?' हे सांगणं त्याचं कामच आहे.

– पक्कं बिल घ्यावं. बॅच नंबर त्यावर असतो, तक्रार करायची वेळ आली तर तोच उपयोगी पडतो.

– कागदाच्या पुडीत बांधलेल्या रंगीबेरंगी सुट्या गोळ्या घेऊ नयेत. 'एका पुडीत आराम' देणाऱ्या अशा गोळ्यांत कधी स्टेरॉइड असतं. शुगर-बीपीवाल्यांना ते फार बाधतं.

सरकारने मिश्र औषधांवर वेळोवेळी कात्री चालवली आहे. मार्च 2016 मध्ये 344 मिश्रणांवर बंदी आली, ती कोर्टात गेली. फेरतपासणीनंतर सप्टेंबर 2018 मध्ये 328 आणि ऑगस्ट 2024 मध्ये आणखी 156 मिश्रणांवर बंदी आली. सर्दी-तापाचीही काही मिश्रणं त्यांत होती. घरात पडून असलेल्या जुन्या पट्ट्या म्हणूनच वापरू नयेत.

घरचे उपाय : चालणारे आणि न चालणारे

कोमट पाणी, मिठाच्या गुळण्या, पेज, आराम हे सगळ्यांना चालतं. चोंदलेल्या नाकाला मिठाच्या पाण्याचे तयार थेंब मेडिकलवर मिळतात, ते बाळालाही चालतात. नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब मोठ्यांनी तीन ते पाच दिवसांपुढे वापरू नयेत, नाही तर थेंब बंद केल्यावर नाक अधिकच चोंदतं. एक वर्षावरच्या मुलाला खोकल्यासाठी झोपताना मध द्यायला हरकत नाही. एक वर्षाखाली मध अजिबात नको. वाफ घेताना उकळत्या पातेल्यावर मुलांना बसवू नये, भाजल्याच्या घटना होतात. कापूर बाळाच्या नाकाजवळ चोळू नये, पोटात गेला तर फिट येऊ शकते.

दवाखान्यात कधी जावं?

– ताप तीन दिवसांपुढे राहिला, किंवा उतरून पुन्हा चढला
– धाप लागते, छातीत दुखतं, ओठ निळसर पडतात
– बाळ दूध ओढत नाही, छाती आत ओढली जाते, मूल सुस्त पडतं
– लघवी कमी झाली किंवा बंद झाली (औषध घेतलेल्या मुलात ही खूण दिसली तर एक तासही थांबू नये)
– अंगावर पुरळ, हिरड्यांतून रक्त, सारख्या उलट्या
– डोळे पिवळे दिसू लागले

लक्षात ठेवायचे नंबर

रुग्णवाहिका : 108. आरोग्याबद्दल सल्ला : 104. औषधाबद्दल तक्रार, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र (टोल फ्री) : 1800222365. तक्रार करताना बिल, बाटली आणि उरलेलं औषध फेकू नये, जपून ठेवावं.